गिरजाची जागा

गिरजा पडली ती शनिवारच्या बाजारात, भर गिऱ्हाइकीत. हातात अर्धा कापलेला रोहू होता. आधी तो घसरला, मग हात घसरला, मग गिरजाच उजव्या अंगावर कलंडली. समोरच्या पावशीचं, मासे कापायच्या विळीचं, पातं तिच्या गालाला लागता लागता राहिलं. शेजारच्या बाया आधी हसल्या. गिरजा नकला करण्यात पटाईत होती. कोणाची चाल, कोणाचं बोलणं, भाव पाडून मागणाऱ्या मास्तरांचं तोंड, सगळं ती बसल्या जागी करून दाखवायची. बायांना वाटलं, हीसुद्धा त्यातलीच एखादी.

तोंड वाकडं ते वाकडंच राहिलं, तेव्हा हसणं थांबलं.

"अंगावरून वारं गेलं वं हिच्या," कोणीतरी म्हणालं, आणि ओळीतल्या बायांनी आपापल्या पावश्या आडव्या केल्या.

गिरजाची सून आचल तेव्हा घरी लेकीला, रिंकूला, पाजत होती. तिला निरोप कळेपर्यंत सासऱ्यानं आणि सुट्टीवर घरी आलेल्या नवऱ्यानं गिरजाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नदीपलीकडच्या वैद्याकडे नेलंही होतं. तो लकव्यावर कबुतराचं रक्त चोळायचा. टोलीतल्या, म्हणजे त्यांच्या वस्तीतल्या, ज्याला त्याला लकवा झाला, तो तिथंच गेला होता. आचल फोनवर ओरडली, "दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता न्या."

"दवाखान्यात लकवा नाई बरा होत, पोरी," सासऱ्यानं, गोविंदानं, शांतपणे सांगितलं. "तू लेकराले पाह्य."

दुसऱ्या दिवशी तिला चंद्रपूरला हलवलं. तिथला डॉक्टर एवढंच म्हणाला, की काल आणायला हवं होतं. गोविंदा आणि आचलचा नवरा सुरेंद्र, दोघंही भिंतीकडे पाहत उभे राहिले. गिरजाच्या गळ्याशी वाळलेलं रक्त आचलनं ओल्या फडक्यानं पुसून काढलं. कबुतराचं की सासूचं, हे तिला क्षणभर कळेना.

डोक्यात डाव्या बाजूला गुठळी होती, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या आशाताई दर महिन्याला घरी आणून देत होत्या. गिरजा त्या छपराच्या वाश्यात खोचून ठेवायची. गोळीनं तोंड कोरडं पडते, गिऱ्हाइकाले हाका कशा मारू, असं तिचं म्हणणं.

घरी आणली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. इतकी वर्षं जिभेवर घासून घासून गुळगुळीत झालेला.

"बयताड," गिरजा म्हणायची.

पाणी हवं असलं तरी बयताड, कूस बदलायची असली तरी बयताड. समजत सगळं होतं. डोळे पहिल्यासारखेच तिखट होते. सांगायचं एक असायचं आणि तोंडातून वेड्याला घालायची शिवी निघायची. मग ती स्वतःवरच चिडायची, आणि पुन्हा तोच शब्द निघायचा. भेटायला आलेल्यांची पंचाईत व्हायची. सरपंचबाई केळी घेऊन आल्या, त्यांनाही तेच ऐकून जावं लागलं. आणि रिंकू, जिला अजून 'आई' धड म्हणता येत नव्हतं, ती एका सकाळी चुलीजवळ रांगत आली आणि स्पष्ट म्हणाली, "बयताड."

गिरजाच्या तोंडाची डावी बाजू हसली. आचलनं ते पाहिलं. तिला हसू आलं नाही. तिनं मनात एवढंच टिपलं, की हसते आहे, म्हणजे आतली गिरजा शाबूत आहे.

*

टोलीतली घरं तलावावर जगत. पुरुष डोंग्यानं जाळी टाकत, बाया बाजारात विकत. मासोळीच्या ओळीतली जागा कागदावर कोणाच्याच नावाची नव्हती. तिचा नेम ठरलेला होता. अकतीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, बाजारी जी बाई येऊन बसेल, स्वतः मासोळी कापेल आणि संध्याकाळी उठून आपली जागा आपल्या हातानं धुईल, तिची ती जागा वर्षभर. आजारी पडली, बाळंत झाली, तर अकतीपर्यंत जागेला कोणी हात लावत नसे. अकतीला मात्र सबब चालत नसे; जुनीनं हे केलं नाही, तरच जागा दुसरीची. द्यायचीच असली, तर बाई आपली पावशी दुसरीच्या हाती द्यायची, म्हणजे जागा दिली.

गिरजाची जागा चिंचेच्या झाडाखाली होती. सावली दिवसभर, आणि बाजारात शिरणारं गिऱ्हाईक पहिलं तिथंच थबकायचं. ती गेली, तर उरायचं ते ओळीचं टोक, उन्हातलं, नालीजवळचं. तिथं दुपारपर्यंत मासोळी वास मारायला लागते. गोविंदा तलावातून काय आणतो यापेक्षा ते कुठं बसून विकलं जातं, यावर घर चालत होतं.

सुरेंद्र गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे होता. महिन्यातून एकदा यायचा. फोनवर म्हणायचा, "आईले आराम करू दे आता. जागेचं पाहू मंग." आचल बी.ए. झाली होती, पण बाजारात कधी बसली नव्हती. माहेरी शेती. माशाचा वास तिला लग्नानंतर सवयीचा झाला होता, आवडीचा नाही.

आणि गोविंदा बायकोची सेवा करत होता.

असा नवरा टोलीत कोणाला मिळाला नव्हता. तलावावरून आला की हात धुऊन तिला घास भरवायचा. दातवण, आंघोळ, केस विंचरणं, सगळं तोच. तिचा उजवा हात त्यानं जुन्या लुगड्याची झोळी करून गळ्यात बांधला होता, लेकराला पाळण्यात घालावं तसा. बाया शेणाच्या टोपल्या खाली ठेवून कुडावरून पाहायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना घरी जाऊन ऐकवायच्या.

तालुक्याच्या दवाखान्यात बुधवारी फिजिओथेरपीवाली यायची. साक्षी नाव. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बोलायला फटकळ. तिनं पहिल्याच दिवशी ती झोळी सोडली. गिरजाची मूठ घट्ट वळलेली होती. बोटं एकेक करून उघडली, तर तळव्यातून आंबूस वास आला.

"हे कोणी बांधलं?"

"मी बांधलं जी," गोविंदा अभिमानानं म्हणाला. "लोंबकळत होता. तरास होते तिले."

"घास कोण भरवते?"

"मीच."

"काकाजी," साक्षी म्हणाली, "तुम्ही हिचा हात मारून राह्यले. लकव्यानं अर्धा मारला, बाकीचा तुम्ही."

गोविंदाचं तोंड उतरलं. परतताना पोचूच्या ऑटोत तो ती झोळी हातात घेऊन बसला होता. जंगलातला रस्ता होता. दिवस कलला की पोचू कोणासाठी थांबत नसे, कारण वाघीण पिल्लं घेऊन त्याच वळणावर फिरत होती. गिरजा मात्र सबंध रस्ताभर आपला मोकळा हात मांडीवर ठेवून त्या हाताकडे पाहत होती, दुसऱ्याचं काही आपल्याजवळ राहून गेलं असावं तशी.

*

मग घरात दोन पक्ष पडले. गोविंदा ताट घेऊन बसला की आचल ते त्याच्या हातून काढून गिरजासमोर ठेवायची.

"खा आई."

गिरजा डाव्या हातानं खायची. वरण हनुवटीवरून लुगड्यावर सांडायचं. गोविंदा उठून बाहेर जायचा. त्याला ते पाहवत नसे.

"लोकं पाह्यतेत पोरी. बुढी भिकाऱ्यावानी खाऊन राह्यली."

"खाऊन तर राह्यली ना, बाबा."

आचलच्या जिवाला घोर लागला होता. रिंकू झोपली की ती सासूचा श्वास पाहायची, सासू झोपली की रिंकूचा. गोळ्या तीच द्यायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. गिरजा गालात धरून ठेवील, याचा तिला भरवसा होता. सकाळी अंगणात खाटेच्या खुराला धरून उठबस, मग काठीनं कुडापर्यंत जाऊन परत. उजवा पाय भुई खरवडत यायचा, त्याची एक रेघ अंगणात पडायची. रिंकू त्या रेघेवरून रांगत मागं मागं.

मोह पडायला लागला तसा अंगणात फुलांचं वाळवण पडलं. तोवर गिरजाच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत थोडी वळवळ आली होती. साक्षीनं ती पाहिली आणि नवीन काम सांगितलं.

"आता हिचा चांगला हात बांधायचा. रोज थोडा वेळ, बसल्या जागी. चालताना नाई. डावा मोकळा राह्यला, तर उजव्याले कामच नाई पडत. आयता बसून खाते थो."

गोविंदाला यातलं काही न सांगता, तो तलावावर गेला की आचल सासूचा डावा हात दुपट्ट्यानं कमरेशी बांधायची. समोर मोहाची फुलं आणि एक टोपली. एकेक फूल उजव्या हातानं उचलून टोपलीत टाकायचं. गिरजा घामाघूम व्हायची. फूल चेंगरायचं, सुटायचं. खांदा उचलला जायचा, पण बोटं येत नसत. रागानं ती आचलच्या सात पिढ्या उद्धरायची, त्या एकाच शब्दात, वेगवेगळ्या सुरांत.

कुडावरून कोणीतरी पाहिलं. दुपारपर्यंत टोलीभर झालं, की शिकलेली सून सासूचा धडका हात बांधून तिला उन्हात मोहफुलं वेचायला लावते.

दुसऱ्या दिवशी देवाजी आला. मासोळीच्या ओळीचं सगळं तोच पाहायचा. भांडण झालं की त्याचा शब्द चालायचा. बरोबर पोलीस पाटील दादाजी. मागं बाया. गोविंदालाही कोणीतरी तलावावरून बोलावून आणलं होतं. तो ओल्या पायांनी दारात उभा राहिला, बांधलेला हात पाहिला, आणि त्याचा चेहरा राख झाला.

"आचल, हे काय?"

"साक्षी मॅडमनं सांगितलं, बाबा."

"हात बांधाले सांगितलं?" देवाजी पुढं आला. "वा गा डाक्टरीन! ढोरालेही असं नाई बांधत कोणी. बुढीचे हाल करून राह्यली तू, अन् वर शिकलेली म्हनवते."

"तक्रार आहे बाई तुही," दादाजी खाकरला. त्याला हे काम नको होतं. "सोड बा तिले. घरातल्या घरात मिटवू."

 रिंकूला कडेवर घेऊन आचल सासूच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. "नाही सोडणार," ती म्हणाली. आवाज चिरका आला. "वेळ झाल्यावर सोडीन. तुम्हाला पाहायचं असेल तर बसा. चहा टाकते."

"बाप्पा!" मागं एक बाई म्हणाली.

देवाजीनं तिला बाजूला सारलं आणि गिरजापाशी वाकला. "राहू दे गिरजाबाई, मी सोडतो," म्हणत त्यानं कमरेच्या गाठीला हात घातला.

गिरजाचा खांदा उचलला गेला. मग कोपर, आणि मग तो सगळा जड, मेला म्हणून सगळ्यांनी सोडलेला हात पोत्यासारखा फिरला आणि देवाजीच्या कानशिलावर आदळला. त्याचा चष्मा मोहफुलांत पडला.

"बयताड!" गिरजा म्हणाली. यावेळी शब्द आणि सांगायचं, दोन्ही एकच होतं.

 मग दादाजी फिसकन हसला आणि त्यानं तोंडावर उपरणं धरलं. देवाजी चष्मा शोधू लागला. गिरजानं खाली पाहिलं, तीन बोटं पुढं नेली, चष्म्याची काडी चिमटीत पकडली, आणि तो टोपलीत टाकला, फुलासारखा.

गोविंदा अजून दारातच होता. त्यानं डोळे पुसले की कपाळाचा घाम, हे आचलला दिसलं नाही. तो आत येऊन बायकोशेजारी भुईवर बसला, एवढंच तिनं पाहिलं. त्यानं गाठ सोडली नाही.

*

त्यानंतर सरळ वर चढत गेलं असतं, तर बरं झालं असतं. तसं झालं नाही.

शब्द येऊ लागले होते. 'पाणी' आला, 'नाई' आला, एक दिवस 'मिरची' आला आणि दिवसभर सगळ्यालाच मिरची झाली. उजव्या हातात राखेनं माखलेली लहान मासोळी धरता येऊ लागली. गिरजानं पावशीकडे बोट केलं. आचल नाही म्हणाली. गिरजानं पुन्हा बोट केलं. शेवटी आचलनं पावशी मांडली आणि स्वतः खेटून बसली. पण त्या दिवशी टोपलीत विषारी काट्याचा मांगूर मासा होता, आणि रिंकू पायरीवरून पडून भोकाड पसरून रडत होती. आचल तेवढ्यापुरती उठली.

परत आली, तर पावशीखालची राख लाल झाली होती. मांगुराचा काटा गिरजाच्या उजव्या तळव्यात शिरून वर दिसत होता, आणि गिरजा तसाच हात दाबून मासा पात्यावर रेटत होती. तिला काही कळलं नव्हतं. आचल किंचाळली, तेव्हा तिनं खाली पाहिलं.

मांगुराच्या काट्यानं धडधाकट माणूस रात्रभर तळमळतो. गिरजाच्या तोंडावर रेषा हलली नाही. त्याचीच तिला भीती वाटली. आचलला ते दिसलं, पहिल्यांदाच, सासूच्या डोळ्यांत भीती.

हात सुजला. तालुक्याला इंजेक्शन, पट्टी. गोविंदानं पावशी धुतली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "बस झालं," तो म्हणाला. "मले बायको पाह्यजे, जागा नाई पाह्यजे." त्याचं खरं होतं, आचलला कळत होतं. गिरजानं भिंतीकडे तोंड केलं. व्यायाम नाही, बोलणं नाही. तो एक शब्दही नाही. घास भरवला तर खायची. गोविंदा पुन्हा भरवू लागला.

बुधवारी दवाखान्यात साक्षीला सांगितलं, तर ती जराही हळहळली नाही. "हाताले कळत नाई तर डोळ्यानं कळवायचं. काम करताना नजर हातावरून हलवायची नाई. गिऱ्हाईक नाई, रस्ता नाई, गप्पा नाई. फक्त हात." मग गिरजाकडे वळून म्हणाली, "नाई करायचं असंन तर तसं सांगा, बाई. माझ्याकडे दुसरे पेशंट आहेत."

गिरजानं सांगितलं नाही. पण घरी आल्यावर भिंतीकडून तोंडही वळवलं नाही.

ते वळवलं देवाजीच्या सुनेनं. दीपिका अकतीच्या आधी दोन-चार दिवस आली, स्टीलच्या डब्यात शिरा घेऊन. तरणी, कामाची, तोंडानं गोड. ओळीच्या उन्हातल्या टोकाला दोन वर्षं बसून काळवंडली होती. तिनं गिरजाचे पाय चेपले, आणि पाय चेपता चेपताच बोलली.

"मामी, तुमचं लय केलं आता. आराम करा. सासरे म्हनत होते, तुम्ही पावशी मले दिली तर बरं दिसंन, आशीर्वादावानी. नाई तर अकतीले जागा तशीही जाते, मंग कोनीही बसंन. आचलवहिनी काई बसनार नाई. तिले तर वास येते मासोळीचा."

आचल दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. बोललेलं खोटं नव्हतं.

गिरजा हळूच कुशीवर झाली. दीपिकाकडे पाहिलं, मग आचलकडे. आपला उजवा पाय डाव्या हातानं दीपिकाच्या मांडीवरून उचलून घेतला, आणि खाटेखाली टेकवला.

"माळ्यावर," ती म्हणाली.

"काय, मामी?"

गिरजानं दीपिकाकडे पाहिलंच नाही. "आचल. पावशी. काढ."

*

अकतीच्या सकाळी पोचूचा ऑटो दारात आला, तेव्हा गोविंदा मासोळीची टोपली ठेवून मागं बसला. रात्रीच्या जाळ्यातलं चांगलं चांगलं त्यानं निवडून ठेवलं होतं: कतला, रोहू, दोन मरळ. मांगूर एकही नव्हता. आचलनं रिंकूला शेजारणीकडे सोडलं. तिला रात्रभर एकच गोष्ट खात होती. गिरजा काठीनं चालत होती, नजर लावून कापत होती. पण भुईवर बसणं आणि भुईवरून उठणं तिला फक्त खाटेचा खूर धरूनच जमत होतं. बाजारात खाट नव्हती.

चिंचेखाली दीपिकाचं पोतं पसरलेलं होतं. ती पावशी मांडून बसली होती. बाजूला देवाजी प्लास्टिकच्या खुर्चीत.

"या या, गिरजाबाई!" तो मोठ्यानं म्हणाला. "खुर्ची आना गा कोनी बुढीसाठी. बस सावलीत, बाजार पाह्य."

गिरजा ओळीतून पाय ओढत आली. बायांच्या पावश्या थांबल्या. दीपिकाच्या पोत्यापाशी ती उभी राहिली. चिंचेचं खोड दूर होतं, धरायला काही नव्हतं. तिनं काठी आचलकडे दिली आणि गुडघे सोडून दिले.

ती बसली नाही, आदळली. अर्धी भुईवर, अर्धी दीपिकाच्या पोत्यावर. टोपली कलंडली, झिंगे सांडले. आचलचा हात पुढं गेला होता, तो तिनं मागं घेतला.

"माही," गिरजा धापा टाकत म्हणाली. "जागा."

दीपिकानं सासऱ्याकडे पाहिलं. देवाजीनं गिरजाचा उजवा हात कुठं आहे ते पाहिलं, आणि खुर्ची जराशी मागं सरकवली.

दोघी एकाच पोत्यावर दिवसभर बसल्या.

गिरजानं राख चोळली. डाव्या हातानं उजव्याची बोटं कतल्याच्या शेपटीवर नेऊन बसवली, दाबली, आणि मान खाली घालून पात्यावर रेटलं. गिऱ्हाईक येत होतं, विचारत होतं, ती वर पाहत नव्हती. दीपिकाच्या तीन मासोळ्या व्हायच्या तेव्हा हिची एक व्हायची. भाव पाडून मागणारे मास्तर आले. थोडा वेळ उभे राहिले.

"वेळ लागते का हो, गिरजाबाई?"

"लागते," ती हातावरची नजर न काढता म्हणाली.

मास्तर रुमाल डोक्यावर टाकून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी भाव पाडला नाही.

हाका मात्र गिरजाला मारता येत नव्हत्या. आचलनं तोंड उघडलं. "ताजी मासोळी," ती म्हणाली, वर्गात हजेरी द्यावी तसं. ओळीत कोणीतरी खुदकलं. तिच्या कॉलेजची एक मैत्रीण नवऱ्यासोबत भाजीच्या ओळीतून चालली होती. आचलनं पदर कपाळावर ओढला.

"जोरानं," खालून गिरजा म्हणाली. नजर हातावरच.

आचलनं पदर खांद्यावर टाकला आणि ओरडली. गळा फाटला, पण कापडाच्या दुकानापर्यंत गेली हाक. मैत्रीण वळली. आचलनं तिलाच हाक मारली, "ये वं, मरळ आहे, घेऊन जा!"

ऊन उतरलं. जंगलातल्या गावांना जाणारी माणसं वाघिणीच्या धाकानं लवकर निघाली, पण मासोळीच्या ओळीतली एकही बाई हलली नाही. एकेक उठून आपली जागा धुवत होती आणि चिंचेकडे पाहत होती.

"धुवाचं राह्यलं गिरजाबाईचं," देवाजी म्हणाला. "अन् हात लावाचा नाई दुसऱ्यानं. नेम आहे."

गिरजा डाव्या कुशीवर कलली, कोपरावर आली, कोपरावरून गुडघ्यांवर. तिथं थांबली, रांगणाऱ्या लेकरासारखी, सगळ्या बाजारासमोर. लुगडं पोटरीवर चढलं होतं. डावा पाय पुढं घेतला, उठली, आणि पुन्हा धप्पकन गुडघ्यावर आली. गोविंदा पुढं झेपावला. आचलनं त्याचं कोपर धरलं. "नाही, बाबा." 

गिरजानं डोकं वर केलं. समोर दीपिका उभी होती, आपलं बोचकं बांधून, निघायच्या बेतात. बोचक्याला शेवटची गाठ द्यायला ती वाकली. गिरजाचा उजवा हात उठला, तिच्या खांद्यावर पडला, आणि बोटं तिच्या झंपरात रुतली.

"हालू नको," गिरजा म्हणाली.

दीपिका हालली नाही. वाकली होती तशीच खांबासारखी राहिली. गिरजा तिच्यावर भार देऊन वर आली, एका दमात नाही, तीन-चार दमांत, आणि उभी राहिली.

"हे नाई चालत!" देवाजी खुर्चीतून उठला. "दुसऱ्यानं हात लावला!"

गिरजाला शब्द सापडायला वेळ लागला. सगळी ओळ थांबून होती.

"तिनं नाई," ती म्हणाली. "मीनं लावला."

कोणीतरी मोठ्यानं हसलं. मग दुसरी हसली. देवाजीनं ओळीकडे पाहिलं आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.

उजवी बोटं मात्र आता सुटेनात. गिरजानं ती डाव्या हातानं एकेक करून दीपिकाच्या खांद्यावरून काढली. दीपिका तोंड वळवून उभी होती. तिचे डोळे भरले होते. खांदा दुखला होता की उन्हातलं आणखी एक वर्ष डोळ्यांपुढं आलं होतं, आचलला कळलं नाही. आचलला तिची कीव आली, पण जागा द्यावीशी वाटली नाही.

पाण्याची बादली गिरजाच्या पायाशी होती. डाव्या हातानं तिनं कडी धरली, उजवा तळाशी लावला, नजर त्या तळहातावर ठेवली, आणि बादली उपडी केली. राख, खवलं, रक्त, सगळं घेऊन पाणी पसरलं आणि दीपिकाच्या पायांपर्यंत गेलं.

"सरक," गिरजा म्हणाली.